खांदे लेव्हलमध्ये

२ मार्च, संध्याकाळ

निर्णय झाला. परवापासून योगवर्ग. वाचनालयामागच्या हॉलमध्ये, सकाळी सात वाजता. ग्रंथपालबाईंनी महिनाभर हॉल द्यायचं कबूल केलं. अट एवढीच, की वर्ग सगळ्यांचा हवा. जाडे, बारके, म्हातारे, काठीवाले, कोणीही यावं आणि आल्यावर कोणाला भीती वाटू नये. महिनाअखेरीला बाई येणाऱ्यांनाच विचारणार. ते हो म्हणाले तर हॉल कायमचा. मी म्हटलं, भीतीचा प्रश्नच नाही, मी असणार आहे. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. छाप पडली.

योग मी स्वतःचा स्वतः शिकलो. पुस्तकं, व्हिडिओ आणि निरीक्षण. फोटोफ्रेमचा धंदाही असाच शिकलो, आणि आज काटकोन म्हणजे काय हे या रस्त्यावर फक्त माझ्या दुकानाला कळतं. शरीर तरी काय, चार कोपरे आणि मधे चित्र.

बायकोला सांगितलं. म्हणाली, अहो, शिकवायला आधी यावं लागतं ना? म्हटलं, शिक्षकाने करायचं नसतं, बघायचं असतं.

ताईलाही सांगितलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डॉक्टर म्हणतात चाला. ती म्हणते उद्या. काठी दाराला टेकवलेली, तिच्यावर धूळ. मी म्हटलं, ताई, मी तुला बाहेर काढणार. म्हणाली, बाळ्या, घरातून की जगातून?

संकल्प: महिनाअखेर हॉल कायमचा, आणि ताई जमिनीवर मांडी घालून.

४ मार्च

पहिला वर्ग. ताई आली! तीन वेळा "नाही" म्हणून शेवटी आली. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याने आणली, आणि तोही थांबला. पोट एवढं की स्टिअरिंग त्यावरच टेकतं. म्हणाला, गुरुजी, वाकता येत नाही, पण वळता येतं, दिवसभर मागे वळून पत्ते विचारतो.

बेकरीवाली बाईही आली. तिला ऐकू येत नाही. ओठ वाचते, नाही जमलं तर फोनवर लिहून दाखवते. मी तिच्यासाठी मुद्दाम मोठ्याने बोललो. तिने लिहून दाखवलं: "ओरडल्यावरही येत नाही." विनोदबुद्धी बरी आहे.

शिवाय वाचनालयाच्या पायरीवर पेपर वाचत बसणारे काही लोक, आणि बायको. तिला मीच आणली, संख्या दिसावी म्हणून.

चटया फरशीच्या रेघेला समांतर लावल्या. वीस मिनिटं गेली, पण काय दिसत होत्या! ताईला खुर्ची दिली. मला खुर्ची तत्त्वतः मान्य नाही. खुर्चीवरचा योग म्हणजे काचेवाचून फ्रेम. पण तूर्तास चालवून घेतलं.

वर्गात मला सर म्हणायचं असा नियम सांगितला. ताई म्हणाली, बरं, बाळ्या सर.

७ मार्च

आज दुकानातली लेव्हल नेली. बुडबुड्याची, फ्रेम सरळ टांगायला वापरतो ती. ताडासनात उभं राहिलेल्यांच्या खांद्यांवर ठेवून पाहिली. एकाचेही खांदे लेव्हलमध्ये नाहीत! माणसं अशी वाकडी जगतात आणि कोणाला पत्ता नसतो.

टॅक्सीवाल्याचा डावा खांदा चांगला बोटभर वर. मी मागून जाऊन दाबला. तो असा दचकला की लेव्हल खिडकीत आणि तो पेपरवाल्यांत. घामाघूम झाला होता. म्हणाला, एकदा रात्री टॅक्सीत मागून एकाने गळा आवळला होता, तेव्हापासून मागून हात लागला की असं होतं, माफ करा सर.

माफ केलं. पण टॅक्सीतल्या गोष्टी टॅक्सीत ठेवाव्यात.

ग्रंथपालबाई नेमक्या वर्ग बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. आता शिल्पकाराने काय दगडाला विचारायचं?

१० मार्च

विचारायचंच, तर पद्धतशीर विचारू. दुकानात माउंटबोर्डचे, म्हणजे चित्राभोवती लावायच्या रंगीत पुठ्ठ्याचे, तुकडे पडलेले असतात. त्यांतून गोल चकत्या कापल्या, हिरवी आणि लाल पाठीला पाठ चिकटवली. एक बाजू हिरवी: हात लावा. एक बाजू लाल: लावू नका. ज्याने त्याने आपल्या चटईशी ठेवायची, जी बाजू हवी ती वर. कडा तिरप्या कापल्या, अगदी गॅलरीत लावण्यासारख्या. असं कुठल्या योगवर्गात नसेल.

११ मार्च

सगळ्या लाल.

एकही हिरवी नाही. पेपरवाल्यांतल्या एकाने तर शेजाऱ्याचीही चकती मागून घेतली आणि दोन लाल ठेवल्या.

बराच विचार केला. लाल बोर्ड चांगल्या प्रतीचा होता, चमक होती त्याला. हिरवा जरा मळकट. लोक शेवटी रंगाला भुलतात. चूक बोर्डाची.

बायकोला म्हटलं, निदान तू तरी हिरवी ठेवायचीस. म्हणाली, अहो, अशी चकती लग्नातच मिळाली असती तर किती बरं झालं असतं.

१३ मार्च

बंदी हाताला आहे, पट्टीला नाही. लाकडी पट्टीने सुधारणा सुरू केल्या. गुडघा इकडे, टाच तिकडे. टॅक्सीवाल्याने विचारलं, सर, पट्टीसाठी वेगळी चकती आहे का? बेकरीवालीने फोनवर काहीतरी लिहून बायकोला दाखवलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून बसल्या. एकोपा वाढतोय. सुरक्षित वातावरण म्हणतात ते हेच.

१६ मार्च

धाडसी पाऊल उचललं. खुर्च्या लपवल्या.

ताई रोज येते हे खरं. काठी टेकत हॉलच्या दारापर्यंत स्वतः चालते, हेही खरं. पण खुर्चीत बसून हात वर, हात खाली, यात काय आहे? आधार काढल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. म्हणून पहाटेच सगळ्या खुर्च्या नेऊन पुस्तकांच्या कोठीत ठेवल्या.

ताई आली. इकडेतिकडे बघितलं. मी म्हटलं, ताई, आज जमीन. तिने जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पूर्ण वर्ग खिडकीचे गज धरून उभी राहिली. शेवटी तिचे पाय थरथरत होते. बायको मधेच उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, त्यामुळे रांग बिघडली.

पण पाऊण तास उभी राहिली! प्रगती!

१८ मार्च

ताई काल आली नाही, आज नाही. सर्दी असावी. खाली जाऊन आलो. दार उघडलं नाही, आतून म्हणाली, बरी आहे रे, जा तू. काठी दाराशी असणार, पण दार बंद असल्यामुळे खात्री करता आली नाही.

बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. तिलाही सर्दी असावी.

२० मार्च, सकाळी

शवासनावर आज मेहनत घेतली. दिवे बंद, पडदे बंद. सगळ्यांना सांगितलं, डोळे मिटा आणि फक्त माझ्या आवाजाच्या मागे या. समुद्र, ढग, पिसं, सगळं वापरलं. स्वतःचा आवाज ऐकून मलाच गुंगी आली. शेवटी हळूच म्हटलं, आता डोळे उघडा. लोक इतके शांत झाले होते की एक शब्द न बोलता निघून गेले. मी अंधारातच दाराला कुलूप लावून दुकानात आलो.

आजवरचा सर्वोत्तम वर्ग.

२० मार्च, दुपारी

बेकरीवाली हॉलमध्येच राहिली.

डोळे मिटल्यावर तिला आमचे ओठ दिसेनात, त्यामुळे वर्ग संपल्याचं कळलं नाही. पडून राहिली. मग डोळे उघडले तर हॉल रिकामा आणि दार बंद. फोन चार्जिंगला बेकरीत. दार वाजवलं, पण वाचनालय दहाला उघडतं. शेवटी तिने खिडकीतून माझी पट्टी, माझी लेव्हल आणि मग एकेक चकती बाहेर फेकायला सुरुवात केली. एक टॅक्सीच्या काचेवर आपटली. टॅक्सीवाल्याने वर पाहिलं आणि बाईंना घरून उठवून आणलं.

तोपर्यंत बेकरीचं शटर बंद. रस्त्यावर कोणालाच पाव नाही. शाळेत जाणारी पोरं रिकामा डबा घेऊन गेली. दोघांनी माझ्या दुकानात येऊन मला विचारलं, पाव कुठे आहे?

मी बेकरीवालीला भेटून म्हटलं, याकडे चांगल्या बाजूनेही बघता येईल, इतकी खोल विश्रांती माझ्या वर्गात कोणालाच मिळाली नव्हती. तिने फोनवर लिहायला घेतलं. बराच वेळ लिहिलं. मग सगळं पुसलं आणि फक्त माझ्याकडे बघितलं.

लेव्हलची काच फुटली आहे. नवी आणावी लागेल.

२४ मार्च

गंमत झाली. सकाळी खाली टॅक्सी उभी होती. मागच्या सीटवर ताई आणि बेकरीवाली, पुढे बायको. ताई बाहेर! टॅक्सीवाला हातवारे करत होता, बेकरीवाली हातवारे करत होती आणि ताई इतकी हसत होती की डोळे पुसत होती. मी खिडकीतून हात केला. सगळे एकदम गप्प.

विचारलं तर बायको म्हणाली, काही नाही हो, महिनाअखेरीचं ठरवत होतो.

समजलो. सत्कार दिसतोय. मुद्दाम खोलात गेलो नाही. आभाराचं भाषण मात्र तयार ठेवावं.

२८ मार्च

भाषण झालं. आरशासमोर चारदा म्हटलं. "मी केवळ निमित्त" इथे थोडं थांबायचं.

३१ मार्च

ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. खुर्च्यांवर. कोठीतून कोणी काढल्या कळलं नाही. बाईंनी विचारलं, वर्ग कायम हवा का? सगळ्यांनी हात वर केले. ताईने दोन्ही.

मी भाषणाला उठलो. "मी केवळ" एवढं म्हटलं आणि थांबलो, ठरल्याप्रमाणे. त्या थांबण्यात ताई म्हणाली, बाळ्या, बस जरा.

मग तीच बोलली. वर्ग हवा, पण शिकवणार बेकरीवाली. तिने पूर्वी दुसरीकडे शिकवलंय, आमच्यातल्या कोणी तिला कधी विचारलंच नव्हतं. ती समोर उभी राहून करणार, बाकीच्यांनी बघून करायचं. डोळे उघडे. बोलायचं नाही. ज्याला हवी त्याला खुर्ची. आणि दाराला आतूनही उघडेल असं कुलूप.

मी म्हटलं, न बोलता योग कसा शिकवतील? पेपरवाल्यांपैकी एक म्हणाला, तेवढ्यासाठी तर येतोय आम्ही.

मी बायकोकडे बघितलं. ताईच्या म्हणण्याला तिनेही हात वर केलेला होता, मी बघतोय म्हणून हळूहळू खाली घेतला.

विचारलं, आणि मी? पेपरवाल्यांनी पेपर उघडले. शेवटी टॅक्सीवाला म्हणाला, सर, तुम्ही या की, खुर्च्या भरपूर आहेत. मी म्हटलं, ज्याने वर्ग उभा केला त्याने त्याच वर्गात बसणं शोभत नाही. आणि निघालो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, चपला आतच राहिल्या. परत गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न.

२ एप्रिल

दुकानात "प्रगत योगवर्ग" सुरू केला. सकाळी सात. पाटी स्वतः रंगवली, सोनेरी चौकटीत बसवली.

कोणी आलं नाही. पाटीची चौकशी मात्र दोघांनी केली. चौकट कितीला, म्हणून.

३ एप्रिल

लोकांना बघायला काहीतरी हवं. म्हणून दुकानाच्या काचेमागे, जमिनीवर, स्वतः पद्मासन घातलं. पाय हातांनी उचलून बसवावे लागले, पण बसले. दहा मिनिटं भव्य दिसत असणार.

मग उठता येईना.

एक पाय सुटला, दुसरा बधिर. धरायला काही नाही. सगळ्या भिंतींवर काचाच काचा. एक गिऱ्हाईक आलं. मी खालूनच फोटोचं माप घेतलं, रंग ठरवला. त्याला वाटलं असेल, हीच पद्धत. तो गेला आणि मला म्हणायचं राहून गेलं की हात द्या.

हॉलमधला वर्ग सुटला तसं दार उघडलं. ताई. एकटी. हॉलपासून इथपर्यंत काठी टेकत चालत आली होती, माझ्या चपला पिशवीत घेऊन. मला बघितलं आणि तिला सगळं समजलं. लहानपणी कपाटात अडकलो होतो तेव्हाही असंच समजलं होतं.

हसली नाही. म्हणजे आधी हसली, मग स्टूल ओढून जवळ आणलं. म्हणाली, कुशीवर वळ. आता एक हात जमिनीवर. आता गुडघा. घाई नको, बाळ्या, श्वास घे. मला जमेना, तेव्हा तिने स्टुलाला धरून स्वतः एक गुडघा जमिनीवर टेकला, आणि मला दाखवत दाखवत परत उठली. माझी ताई.

म्हणाली, हेच शिकवलं तिने आम्हाला सगळ्यांत आधी. पडलं तर उठायचं कसं. मला रस्त्याची भीती नव्हती रे. पडले तर तशीच पडून राहीन, याची होती.

बोलण्यासारखं बरंच होतं, पण नाक गळत होतं. सर्दी. घरात साथच आहे.

ताई एका गुडघ्यावर का होईना, जमिनीवर आली. संकल्प पूर्ण. मार्च उलटून गेला, पण झाला.

४ एप्रिल

सकाळी सात, हॉल. फक्त निरीक्षणासाठी. मागच्या रांगेतली खुर्ची घेतली, तिथून सगळं दिसतं. टॅक्सीवाल्याने पाठीला उशी दिली. नको म्हटलं, मग घेतली.

बेकरीवालीने समोरून एक हात वर केला. सगळ्यांनी उजवा केला. मी डावा. तिने बघितलं, हसली आणि स्वतःचा हात बदलला. सगळ्यांनी बदलला, सगळा हॉल डावा. तोवर मी उजवा केला होता.

काहीही म्हणा, वर्ग अजून माझ्याकडे बघूनच चालतो.