पहिलं तोंड

१४ जानेवारी १९३६, लोणावळा

संक्रांत. वॉर्डात सगळ्यांनी तिळगूळ आधी एस्तरबाईंना दिला, मग मला. मी तो तोंडात न टाकता खिडकीत ठेवला. मुंग्या लागल्या.

मुंबईला जाऊन डोळ्यांच्या नर्सचं काम शिकून आल्या म्हणून एवढं? मलाही जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "रतनबाई, तुमचं आता शिकायचं वय राहिलं का?" या दवाखान्यात मी डॉक्टरांच्याही आधीपासूनची नर्स आहे! तेव्हा डोळ्यांना कोणी विचारत नव्हतं. अजूनही वेगळी खोली नाही, बाळंतिणींच्या खोलीत पडदा लावून टेबल मांडायचं. पण पडद्यामागे आता त्यांचं राज्य. जळते मी. इथे लिहायला कसली लाज?

१७ जानेवारी

कान्हे गावची बयाबाई आली एकदाची. एक डोळा गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू पाडणाऱ्याने घालवला, उरलेल्यात मोतीबिंदू पिकलाय. सरकारी दवाखान्यात डोळे काढून घेतात, असं तिच्या डोक्यात बसलेलं. कामशेतच्या बाजारात गाठून गाठून मी तिची समजूत घातली.

"आय कुनाचं ऐकत न्हाई, तुमचं तेवडं ऐकलं," तिचा सोपान म्हणाला. एस्तरबाईंच्या समोर म्हणाला. बरं वाटलं.

१८ जानेवारी

ऑपरेशन झालं. दिवा धरायला एस्तरबाई. मी पाणी उकळलं.

२१ जानेवारी

इथल्या लोकांची समजूत आहे— पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड चांगल्या माणसाचं दिसलं, तर नजर टिकते. कोणी नातवाला समोर उभं करतं, कोणी देवाची तसबीर धरतं. हल्ली सगळ्यांना एस्तरबाईंचं तोंड हवं असतं.

आज बयाबाईला पेज भरवत होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. घास गिळून म्हणते, "पट्टी एस्तरबाईंनाच सोडू द्या हां. पयलं तोंड त्येंचंच बगायचंय. लय हलका हात हाय."

चमचा माझ्या हातात होता! उरलेली पेज मी गार होऊ दिली.

२४ जानेवारी

पट्टी उद्या सुटायची होती. दुपारी एस्तरबाई जेवायला गेल्या आणि मी पडदा ओढून घेतला.

क्षणभरच, असं ठरवलं होतं. पट्टी वर सरकवली. ती डोळा मिचकावत राहिली, मग नजर माझ्यावर येऊन थांबली. "रतनबाई, तुमीच व्हय? नाकात चमकी हाय तुमच्या." इतके दिवस नुसत्या आवाजाने ओळखत होती मला. फार सुख वाटलं. खोटं कशाला लिहू!

मग ती उठली. मी नको नको म्हणेपर्यंत खाटेवरून वाकून तिने माझ्या पायांना हात लावला. वाकायचं नसतं, खोकायचंसुद्धा नसतं— रोज मीच बजावत होते. वर आली तेव्हा गालावरून पाणी वाहत होतं. म्हणाली, "धुरकाटलं गं बाय."

पट्टी पुन्हा बांधली. गाठ एस्तरबाई घालतात तशीच घातली.

२५ जानेवारी

जखम उघडली आहे. डॉक्टर एस्तरबाईंवर ओरडले— पट्टी तुमची, जबाबदारी तुमची. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी कापसाचे बोळे करत होते.

बयाबाई खाटेवरून म्हणाली, "त्येंना बोलू नगा. खाजलं म्हून म्याच सोडली."

मी पुढचा बोळा वळायला घेतला.

६ फेब्रुवारी

डोळा गेला. सोपान तिला हाताला धरून घेऊन गेला. निघताना तिने माझं तोंड चाचपलं, चमकी हाताला लागेपर्यंत. हळूच म्हणाली, "तुमी दावलं व्हतं. मीच वाकले."

एस्तरबाईंना सांगायला हवं. उद्या सांगते.

७ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२ मार्च

कान्ह्याहून दोघी आल्या, दोघींना मोतीबिंदू. एस्तरबाई पुढे झाल्या, तर त्या म्हणाल्या, "तुमी नगं. रतनबाई कुटं हायेत? बयाबाईनं सांगितलंय, पयलं तोंड त्येंचंच बगा."

एस्तरबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी पडदा माझ्यासाठी वर धरला.