वत्सलाताईची अट आणि सरकत्या खोलीची भुई

मुरबाड, बुधवार

ती. सौ. वत्सलाताईस,

धाकट्या रघूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्षच पाया पडलो असतो, पण मागच्या वेळी खाली वाकलो तेव्हा तू पाठीत असा धपाटा घातलास की मला उठायला दाजींचा हात धरावा लागला. म्हणून यंदा कागदावरूनच.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला कमी झाला का? भातसानगरात संध्याकाळी गार वारं सुटतं, त्यांना मफलरशिवाय धरणाकडे फिरायला सोडत जाऊ नकोस. इकडे मी आणि सरिता खुशाल आहोत. माझ्या सासूबाईही आमच्याकडेच आहेत आणि जरा जास्तच खुशाल आहेत. त्याचं कारण पुढे येईल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. गाडीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, ताई. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील, कारण लिहिलेलं अर्धवट टाकायचा तुझा स्वभाव नाही (किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचून मगच चुलीत घालतेस).

परवा आपल्या हर्षालीच्या लेकीचं बारसं आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे पोरीचं बाळंतपण सासरीच, चिपळूणला झालं आणि तू तुझ्या पहिल्या नातीला अजून हातात घेतलेलं नाहीस. चिपळूण एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही, आणि मुलीच्या सासरी रात्र काढायची नाही हा आपल्या घरचा नेम. आजीने पाळला, आईने पाळला, तू तर त्या दोघींपेक्षा कडक. लॉजचं नाव काढलं तर त्या उशीवर आधी कोणाचं डोकं होतं इथपासून तुझी चौकशी सुरू होते. मग राहिलं काय, तर मोबाइल. तू पडद्यावर नातीच्या गालाला बोट लावायला जातेस आणि फोन बंद पडतो, हे मला दाजींनी सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण मला काही हसू आलं नाही.

म्हणून तर ही घरगाडी केली. जावयाच्या अंगणात गाडी उभी करायची, तू दिवसभर नात घेऊन बसायचं आणि रात्री आपल्या भावाच्या घरात झोपायचं. नेमही राहतो, नातही भेटते. शाळेची जुनी मिनीबस घेतली. माझा जन्म टेम्पोच्या बॉड्या बांधण्यात गेला, तेव्हा बसच्या कुशीला भगदाड पाडून तिथे कपाटाच्या खणासारखी एक सरकती खोली बसवणं मला जड गेलं नाही. गाडी थांबली की बटण दाबायचं, खोली बाहेर जाते आणि दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी जागा होते. निघताना पुन्हा बटण, खोली आत. खोलीखाली लोखंडी रोलर होते, ते गाडीच्या भुईवरून धावायचे. भुईला सरिताच्या पसंतीचं, लाकडाच्या रंगाचं विनाइल.

तू बघायला आलीस तेव्हा मी हौसेने बटण दाबलं. तू पडदे बघितले नाहीस, पंखा बघितला नाहीस. चष्मा लावून भुई बघितलीस. रोलरनी विनाइलवर दोन लांब चर पाडले होते. दाजींच्या देखत तू म्हणालीस, "रघ्या, तुझा घर सोताच्याच पायान भुई उकरतंय. भुईवर एक वरखडा नाय दिसला, त्या दिवशी येन मी." दाजी साक्षीदार आहेत. तुला वाटलं, हे काही याला जमायचं नाही आणि आपली सुटका झाली. (तू लहानपणीही मला अशाच अटी घालायचीस.)

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात भुईशिवाय दुसरं काही नाही. पहिला उपाय म्हणजे मंडपवाल्याकडून आणलेली हिरवी चटई. रोलरखाली अंथरली आणि ऐटीत गाडी मुरबाडच्या बाजारात नेली. तिथे चार लोकांना दाखवायला खोली बाहेर काढली. काढली ती काढली, आत घेताना चटईची वळकटी होऊन रोलरपुढे अडकली आणि खोली तिरकी होऊन अर्ध्यावर रुतली. आता अर्धी खोली रस्त्यावर, अर्धी गाडीत, खिडकीत सरिता. बाजाराला आलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, डोळे तपासायचं शिबिर आलंय. मी खाली पालथा पडून चटई उपसतोय तोवर खिडकीसमोर रांग लागली. एक आजोबा पुढे येऊन एक डोळा झाकून उभेच राहिले. सरिताने त्यांना बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचायला लावली, दुसऱ्याला कॅलेंडर दाखवलं आणि सगळ्यांना चहा पाजला. अजूनही बाजारात तिला लोक विचारतात, बाई, परत कधी येणार. माझ्याबद्दल कोणी विचारत नाही.

दुसरा उपाय ग्रीसचा. रोलर जड फिरतात म्हणून चर पडतात, असं माझं गणित. एवढं ग्रीस चोपडलं की खोलीला बटणाची गरजच उरली नाही. आमच्या दारात जरा उतार आहे, हे तुला माहीत आहे. सासूबाई खोलीत बसून निवांत वाल निवडत होत्या आणि खोली त्यांना घेऊन सावकाश बाहेर निघाली. मी घाबरून धावलो. त्या तशाच मांडी घालून, सूप मांडीवर, दारातला शेवगा न्याहाळत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जावय, फिरून येकदा सरकवा नं." मी खोलीला कडी लावली, ग्रीस पुसून काढलं, तेव्हापासून त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या.

आणि तिसऱ्या वेळी घोटाळा झाला तो आपल्याच माणसांनी करावा असा. खोली बाहेर काढली की आतली भुई मोकळी होते आणि खिडकीतून तिच्यावर छान ऊन येतं. आपल्याकडच्या बाईला सपाट जागा आणि ऊन एकत्र दिसलं की तिचा हात थांबत नाही. सासूबाईंनी रुसवा सोडून तिथे ते निवडलेले वाल पसरले. मला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी बटण दाबलं आणि आतून कडाकडा असा आवाज आला की मला वाटलं गाडीचा कणाच मोडला. रोलर वालांवरून गेले होते. डाळ झाली (तिची आमटी त्याच रात्री खाल्ली, उत्तम झाली होती), पण प्रत्येक वालाने विनाइलमध्ये आपला खड्डा करून ठेवला. मी भुईवर फतकल मारून बसलो आणि ताई, खरं सांगतो, मला रडू आलं. बारसं तोंडावर आलेलं. सरिता शेजारी येऊन बसली. म्हणाली, जे वालाने झालं तेच रोज खड्यांनी होत असणार, आपण चपला घालून आत येतो की. आणि रोलर तरी केवढे, रुपयाच्या जाडीचे. सगळा भार त्यांच्या धारेवर.

मग कामाला लागलो. लोखंडी रोलर काढून रुंद नायलॉनचे बसवले. विनाइल नवं घातलं. रोलर जिथून धावतात तिथे जाड, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या पक्क्या केल्या, म्हणजे झीज व्हायची ती पट्टीची. त्या पट्ट्या निळ्या रंगाच्या आहेत. तुझ्या मागच्या अंगणातलं, काटक्या ठेवायचं निळं पिंप आता शोधू नकोस. दाजींनीच ते कुंपणावरून मला दिलं. ते उभं कापून, उकळतं पाणी ओतून, वर माझी ऐरण ठेवून सरळ केलं आणि त्याच्या पट्ट्या काढल्या. आता चपला बाहेर, आणि बटणाआधी झाडू, हा आमच्या गाडीचा नेम. खोली दिवसभर आतबाहेर करून बघितली. सासूबाई आत बसून होत्या, त्यांची हौस फिटली. भुईवर रेघ नाही.

तेव्हा ताई, तुझी अट पुरी झाली. मला तू हवी आहेस. आई आता राहिली नाही, तेव्हा पाळण्यात नाव घालताना आपल्या घरातली मोठी बाई तूच. दाजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझा,
रघू

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. रखवालदाराच्या हाती दिलंय. मी कॉलनीच्या गेटवर आहे, खोली बाहेर काढली आहे आणि अर्धा रस्ता अडला आहे. दाजी दूध आणायला गेलेले नाहीत. ते खोलीत बसून सरिताच्या हातचा चहा पिताहेत, त्यांची पिशवी पलंगाखाली आहे. तुझी लुगडी त्यांनी भरली आहेत, म्हणजे पोलकी जुळणारी नसणार.

आणखी एक ता. क. खोटं लिहिणार नाही. वर रेघ नाही लिहिलं तेव्हा नव्हती. आज सकाळी बाळाला आजोळकडून द्यायचा पाळणा आत चढवताना त्याचा पाय घासला आणि नव्या भुईवर दाराजवळ चांगला हातभर ओरखडा उठला. तुझी अट मोडली, आणि ती तुझ्या नातीने मोडली. तिला रागवायचं असेल तर चिपळूणला यावं लागेल.