तू वाचून दाखवलेला शेवट

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले आणि उत्तराला आज बसलोय. कामाचा रगाडा होता अशी थाप मारणार होतो, पण माझ्या थापा माझ्याआधी तुला कळतात. खरं सांगायचं तर याआधी चार वेळा बसलो. एकदा शाई सांडली. एकदा ‘प्रिय ताई’ लिहून झालं आणि समोरच्या इमारतीत दोन माणसं दोरीने गादी वर चढवत होती, तीच बघत राहिलो. (अडीच तास! शेवटी जिन्यानेच नेली.) उरलेल्या दोन वेळा नुसता राग आला. राग तुझ्यावर नव्हता. म्हणजे, तुझ्यावरही होता. सांगतो.

तू पत्रासोबत बाबांनी दिलेलं पेन पाठवलंस ना, मखमली डबीतलं? त्यात चिठ्ठी होती. तू ती उघडून बघितलीस की नाही, माहीत नाही. ‘साहेब झालास. सह्या करायला.’ एवढंच. आता मला सांग, मी कुठला साहेब? चार वर्षांत मी गोदामात खोकी चिकटवली, होड्यांना रंग दिला, एका हॉटेलात इतकी भांडी घासली की बोटांच्या रेषा गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणाहून कधी काढलं, का काढलं, हे सगळं तुला इमानदारीत कळवलं. आता या थिएटरात तिकिटं फाडतो, वरच्याच खोलीत राहतो आणि खेळ सुटला की खुर्च्यांखालून लोकांचे रुमाल, मोजे, एकदा तर कवळी बाहेर काढतो. तेही कळवलं होतं. मग ‘साहेब’ कशाला? मला वाटलं, बाबांनी टोमणा मारला. मी घर सोडलं त्या दिवशी दुकानाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाले होते, “कुठेही बस, पण एकदा कुठेतरी बस.” तेच पुन्हा, फक्त या वेळी मखमलीत गुंडाळून. डबी मी पलंगाखाली सरकवली आणि उत्तर पुढे ढकललं.

(कागद असला का, म्हणशील. थिएटरच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका आहेत, मागची बाजू कोरी असते. पाकिटंही इथलीच, वर थिएटरचा छापील पत्ता असलेली.)

तर आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी एक कार्यक्रम असतो, ‘पुस्तकातून पडद्यावर’. पुस्तकावरून काढलेला एखादा जुना सिनेमा लावायचा आणि मग प्रेक्षकांनी भांडायचं. पत्रिकेत ‘चर्चा’ म्हटलंय, पण भांडणच. पुस्तकवाले एका बाजूला बसतात, सिनेमावाले दुसऱ्या, लग्नातल्या दोन्हीकडच्या मंडळींसारखे. पहिली दहा मिनिटं गोड बोलतात, मग कुणाचं काय राहिलं ते निघतं. पुस्तकवाल्यांची तक्रार ठरलेली: आमची मावशी कापली, आमचं पत्र कापलं, आमच्या नायकाला मिशी होती. सिनेमावाले म्हणतात, चाळीस पानांचं वर्णन एका बघण्यात आणलं, ते दिसत नाही का? माझं काम माइक घेऊन पळायचं. मला हे काम फार आवडतं, कारण बसावं लागत नाही.

मागच्या महिन्यात कुठला सिनेमा लागला असेल? आपल्या पूलवाल्याचा! तोच तो, होड्या आल्या की चाक फिरवून पूल उचलणारा बाप, आणि त्याचा त्या होड्यांपैकी एकीत बसून निघून गेलेला मुलगा. मी पोस्टर चिकटवताना अक्षरशः ओरडलो. दुकानात दुपारी दोन तास फळी लावलेली असायची, बाबा एका डोळ्याला भिंग लावून घड्याळांत डोकं घालून असायचे, आणि तू खालच्या पायरीवर बसून मला हेच पुस्तक वाचून दाखवायचीस. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी आठ वर्षांचा, तू सोळाची. मला एका जागी बसून वाचता यायचं नाही (अजून येत नाही), म्हणून तू वाचायचीस आणि मी दुकानभर फिरत ऐकायचो. अकरा दुपारी पुरलं ते.

सिनेमा एक तास पन्नास मिनिटांत संपतो, ताई. थांबत नाही. तू मध्ये पाणी प्यायचीस, मी विचारायचो, “पण त्याला भूक लागली नसेल का?” आणि तू म्हणायचीस, “लागली होती ना, ते पुढच्या पानावर आहे.” इथे कुणाला विचारणार? दार हिरवं होतं. माझ्या डोक्यात आपलं होतं, खाली कुत्र्याने कुरतडलेलं. पूलवाला लुकडा होता आणि त्याला बाबांचे कान नव्हते. तरी मी म्हटलं, ठीक आहे, चालायचंच. दार कुठल्याही रंगाचं असो, उघडल्याशी मतलब. शेवटची पाच मिनिटं आली आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मुलगा परत येतो, पूल ओलांडतो, दार वाजवतो. आता बाप दार उघडणार आणि जणू मुलगा कोपऱ्यावर जाऊन आल्यासारखं म्हणणार, “दार लाव, वारा येतोय.” बस, एवढंच. ना रडारड, ना कुठे होतास. तू ते वाक्य बाबांच्या आवाजात वाचायचीस.

सिनेमात दाराला कुलूप होतं.

शेजारीण किल्ली आणून देते आणि सांगते, गेले, दोन हिवाळे झाले. मुलगा आत जातो. रिकामी खुर्ची दाखवतात. संपला. दिवे लागले, पहिला हात वर झाला, आणि मी माइक द्यायचं सोडून स्वतःच बोलायला लागलो. काय काय बोललो देव जाणे. दिग्दर्शकाने पुस्तकाचा गळा दाबला, रडवायचं म्हणून म्हाताऱ्याला फुकट मारला, ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी सिनेमे काढू नयेत. चाळीस माणसं माना वळवून बघत होती. मॅनेजर दारातून हातवारे करत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. ग्रंथालयात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या आहेत, दर गुरुवारी पुस्तक सोबत घेऊन येतात. त्यांनी चष्मा लावला, शेवटचं पान काढलं आणि शांतपणे वाचलं. कुलूप. शेजारीण. किल्ली. दोन हिवाळे. शब्दाला शब्द. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, “बाळा, तुमच्याकडे कुठली आवृत्ती होती रे?”

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. माइक चालू होता, त्यामुळे माझा श्वास सगळ्या थिएटरभर ऐकू येत होता.

बाईंनी पुस्तक मला देऊन टाकलं. म्हणाल्या, तूच ठेव, तुला जास्त गरज दिसतेय. आणि ताई, मी ते वाचलं. मी! दहा दिवस लागले. फिरत फिरत वाचलं, जिन्यावर, बस थांब्यावर, एकदा थेट दिव्याच्या खांबाला धडकलो. तू किती बदललं होतंस गं! बोटीवर तो मुलगा उपाशी असतो, त्याला कुणी भाकरी देत नाही. ती तू दिलीस. त्याची आई ज्या पानावर जाते, ते पान तू वाचलंच नाहीस. सिनेमावाल्यांनी मावशी कापली म्हणून लोक भांडतात, आणि तू तर अख्खं मरण कापलंस, आईचंही आणि बापाचंही, आणि एकदाही अडखळली नाहीस. त्या सिनेमावाल्याने शेवटाला हातही लावला नव्हता. पुस्तक बदललं होतं आपल्या पायरीवर.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. कारण, हसू नकोस, मी त्या शेवटाच्या भरवशावर घर सोडलं होतं. कधीही परत गेलो तरी दार उघडणार, बाबा म्हणणार वारा येतोय, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की परत जायची घाई कधी वाटलीच नाही. चार वर्षं, ताई. दार कुठे पळून जातंय, असं म्हणत हिंडलो. आणि लिहिणाऱ्याने तर तिथे पहिल्यापासून कुलूप लावून ठेवलं होतं.

मग एक गोष्ट आठवली. तू तो शेवट वाचलास तेव्हा बाबांचा चिमटा थांबला होता. भिंग कपाळावर सरकवून त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. मला वाटलं होतं, त्यांना गोष्ट आवडली. पण पुस्तक त्यांचंच होतं ना? पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं. म्हणजे त्यांना शेवट माहीत होता.

हे आठवलं आणि मी पलंगाखालून डबी काढली. चिठ्ठी खिडकीत नेऊन नीट बघितली. पहिल्यांदा मी फक्त शब्द वाचले होते. या वेळी अक्षरं बघितली. ‘साहेब झालास’च्या अंगावरच ‘सह्या करायला’ लिहिलंय, एक ओळ दुसरीवर चढलीय, शेवटचं अक्षर तर कागदाच्या बाहेर गेलंय. बाबांचं अक्षर, ताई! जे घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरायचे! तू लिहितेस, चष्म्याचा नंबर वाढलाय. तू लिहितेस, दुकान हल्ली दोनच तास उघडतात, मजेत आहेत, तुझी पत्रं ऐकून हसतात. ‘ऐकून.’ हा शब्द माझ्या डोळ्यांसमोरून कितीदा गेला. वाचून नाही, ऐकून.

बाबांना दिसत नाही ना? आणि माझी पत्रं तू वाचून दाखवतेस, पायरीवर बसून वाचायचीस तशी. गोदाम, भांडी, हकालपट्ट्या सगळं कापून. कुठल्या पत्रात मला बढती दिलीस? मी नक्की कशाचा साहेब आहे, तेवढं तरी कळव, म्हणजे तसा वागतो. चेष्टा करतोय. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. तुझ्यावर आता राग नाही. त्या वेळी तू मला खरा शेवट वाचून दाखवला असतास तर मी आठव्या वर्षी काय करणार होतो? पण आता मी तेवीसचा आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखव. जसंच्या तसं. खोकला आला तर थांब, रडू आलं तर थांब, पण शब्द बदलू नकोस. त्यांना सांग की मी तिकिटं फाडतो, की मला टोमणा वाटला होता, की मी कुठेच बसलेलो नाही आणि मला घरी यायचंय. आणि मग ते काय म्हणतात ते मला कळव, तेही न बदलता. कुलूप असलं तर कुलूप लिही.

थांब, खालच्या तिकीट खिडकीवरच्या मावशी धापा टाकत वर आल्यात.

ताई, खाली एक म्हातारे गृहस्थ आलेत म्हणतात. काठी आहे, हातात आपल्या थिएटरचं पाकीट आहे, बसवाल्याने दारापर्यंत आणून सोडलं. मॅनेजरला भेटायचंय म्हणाले. आमचा मॅनेजर पुढे झाला तर म्हणे, “तुम्ही नव्हे हो. माझा मॅनेजर एका जागी उभा राहत नाही.” आणि स्वतःशीच हसतायत.

तू घर पालथं घालत असशील, आधी तुला फोन करतो. पण पत्र टाकणार आहेच. वाचून दाखवायचं काम मात्र आता माझं. मावशी म्हणतात, दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यातच उभे आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत. मी खाली चाललोय. एकच वाक्य पाठ आहे, तेच म्हणतो.

तुझाच, अजूनही उभाच,
भिंगरी