दगडाबाईची पक्की सही आणि माझी मिळकत

मी, वच्छलाबाई राधाकिशन सानप, वय एकोणसत्तर, सातवी पास, राहणार मौजे खडकटाकळी, तालुका आष्टी, जिल्हा बीड, माझ्या स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते. मी शुद्धीवर हाय, कुणाच्या धाकात न्हाई, आणि तंबाखूच्या पलीकडं नशापाणी कधी केलं न्हाई. डॉक्टरचा दाखला जोडलाय. अक्कल तपासायला त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हणलं, "तुमच्या फीचा." लगेच दाखला दिला.

वकिलानं मला नमुना दिलता. त्यात 'माझे पश्चात' हे शब्द लई वेळा होते. ते मी गाळलेत. कावून, ते शेवटी सांगते.

कलम एक. दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढची पडवी माझी सून वनमाला हिच्या नावं करते. माझा एकुलता एक मुलगा सुग्रीव यानं तिथं राहायला माझी हरकत न्हाई, पण कागद वनमालाच्या हाती राहील. ती तापट हाय, चहा पांचट करती, पण वाचल्याबिगर कशावर सही करत न्हाई. मला तेवढं पुरे.

माझे मालक राधाकिशन भिंतीकडं तोंड करून पैसे मोजायचे. बायकोला आकडा कळला की बरकत जाती म्हणायचे. ते गेले तवा बँकेत साहेब म्हणाले, "बाई, अंगठा लावा." मी म्हणलं, "मला सही येती. फक्त काय शिल्लक हाय ते ठाऊक न्हाई." साहेब हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की पुढं एक संस्था गावात आली आणि बिनपगारी शिकवणाऱ्या बाया पाहिजेत म्हणाली, तवा सगळ्यात आधी माझा हात वर गेला. तीन दिवस शिकवलं, एक पिशवी आन् एक छत्री दिली. तवापासून समाजमंदिरात आमची गुरुवारची शाळा हाय. मी आणि बांगड्या विकणारी अकबरी शेख, अशा दोन मास्तरणी.

कलम दोन. तुरीच्या दाण्यांचा डबा, वाटी आणि छत्री अकबरीला. त्या डब्यावर आमी व्याज शिकवलं. शंभर दाणे म्हंजे कर्ज. शेकडा पाचानं दर महिन्याला पाच दाणे वाटीत टाकायचे. बारा महिन्यांनी साठ दाणे वाटीत, आन् शंभर तसेच उभे. तिथं दरवेळी कुणीतरी म्हणायचं, "अगं बया, इतक्या तुरीचं तर वरण झालं असतं!" छत्रीची एक काडी मोडलीय. अकबरी, ती तू मोडलीस. मेल्यावर बी विसरणार न्हाई.

कलम तीन. लोखंडी पेटी आणि तिच्यातले तेरा कागद. हे नीट ऐका.

शाळेत चौदा बाया होत्या, समद्या अंगठ्यावाल्या. मी आधी सही शिकवली. पाटीवर, मग वहीत, आणि शेवटाला परीक्षा म्हणून एका नव्या कोऱ्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात एक पक्की सही. बँकेत तिथंच करावी लागती, म्हणून तिथंच. रेघ मी शिसपेन्सिलनं आखून द्यायचे. हे चौदा कागद, संगं फोटो आणि आधारच्या झेरॉक्स, मी पेटीत ठेवल्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, असं मी दर गुरुवारी ओरडायचे. आणि माझ्याच पेटीत चौदा कोरे कागद सह्या करून पडलेत, हे माझ्या डोक्यात एकदा बी आलं न्हाई.

सगळ्यात वर दगडाबाईचा कागद होता. माझी शेजारीण. तिची सही सगळ्यात देखणी होती म्हणून मी तो वर ठेवलता.

गेल्या साली संक्रांतीनंतर एक वसुलीवाला तिच्या अंगणात आला. तिनं मला वाचायला बोलावलं. दगडाबाईला चाळीस हजार रोख मिळाले, शेकडा पाच व्याज, असं कागदावर होतं. खाली सही.

मी विचारलं, "घेतलेस का गं तू पैसे?"

"आठवत न्हाई, मास्तरीण. म्हाळू दवाखान्यात होता तवा लई कागद झाले." म्हाळू तिचा नवरा, त्याच दुखण्यात गेला. तिनं सहीवर बोट ठेवलं. "पण सही माझीच हाय. ह्यो 'द'चा पाय बघ, असा लांब मीच ओढते. सही हाय म्हणल्यावर घेतलेच असतील. तूच शिकवलं न्हाई का, सही म्हंजे आपली जबान?"

सहीखाली माझी शिसपेन्सिलची रेघ होती.

मी घरी आले, पेटी उघडली, कागद मोजले. तेरा.

सुग्रीव जेवत होता. मी समोर पेटी ठेवली. तो म्हणाला, "टेम्पोचा हप्ता थकलता, माय. दोन महिन्यात फेडतो. तिला कळायचं बी न्हाई." फेडलं न्हाई. टेम्पो बी गेला. मी मात्र गप बसले. पोटचा एकच हाय, तुरुंगात जाईल, वनमालाचं काय, असं रोज स्वतःला सांगत सव्वा वर्ष काढलं. दर गुरुवारी शाळा बी घेतली.

तेवढ्या दिवसांत दगडाबाईनं चार शेळ्या विकल्या. तेवीसशेचे अकरा हप्ते भरले. म्हाळू गेल्यावर सुटलेली ऊसतोड साठाव्या वर्षी परत धरली, मुकादमाची उचल घेतली, माजलगावकडं जोडीबिगर, एकटीच अर्धा कोयता म्हणून गेली. पाडव्याला आली ती गुडघा बांधून. माझ्यासाठी गुळाचा खडा आणला आणि म्हणाली, "मास्तरीण, माझ्यामुळं तुझ्या शाळेचं नाव खराब झालं न्हाई ना?"

तो गूळ डब्यात हाय. चहात टाकवत न्हाई.

कलम चार. म्हणून जाहीर लिहून देते की तो कागद खोटा हाय. दगडाबाईनं एक रुपया घेतलेला न्हाई. सही तिची, पण करून घेतली मी, आणि वरचा मजकूर सुग्रीवनं भरून घेतला. तिनं हे घेऊन पोलिसात जावं. मी आडवी येणार न्हाई. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

कलम पाच. बँकेतली माझी बासष्ट हजारांची ठेव मोडून दगडाबाईला द्यायची. शेळ्यांचे एकतीस हजार, हप्त्यांचे पंचवीस हजार तीनशे. उरलेले पाच हजार सातशे व्याजापोटी. दाणे टाकून बघितलं, कमीच पडतंय. म्हणून माझी काळी शेळी बी तिचीच. शेळी खोडील हाय, दावं चावती. दगडे, तक्रार घेऊन येऊ नको.

कलम सहा. वीस गुंठे रान सुग्रीवला, पण दगडाबाईच्या नावचा तो कागद त्यानं सोडवून आणून तिच्या हातात दिल्यावरच. न्हाई आणला, तर रान वनमालाचं. बापाचं घड्याळ मात्र त्याला आत्ताच देते. लहानपणी त्याला ते लई आवडायचं.

कलम सात. काल हे सगळं अकबरीला वाचून दाखवलं. मला वाटलं, डोळे पुसंल. ती म्हणाली, "सव्वा वर्ष गप कावून बसलीस? आणि आता मेल्यावर सांगणार? मग दगडाबाईनं शिव्या कुणाला द्यायच्या, तुझ्या फोटोला?"

म्हणून 'माझे पश्चात' गाळलं. वकील म्हणाले, मृत्युपत्र असं जिवंतपणी वाचत न्हाईत. मी म्हणलं, कायदा आडवा येतो का? म्हणाले, न्हाई. तर येत्या गुरुवारी, सतरा तारखेला, अकबरीनं हे शाळेत मोठ्यानं वाचायचं. ठेवीचे पैसे तिथंच द्यायचे. सुग्रीवला यायला सांगितलंय, तो येईल का ठाऊक न्हाई. तेरा कागद जिचा तिच्या हाती जातील. मी दगडाबाईच्या समोर बसेन. ती जे बोलेल ते ऐकीन, मधी चेष्टा करणार न्हाई.

हे सगळं माझ्या मर्जीनं लिहिलं, दोन साक्षीदारांनी वाचून बघितलं, आणि आमी तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: जमील पठाण, सायकल दुरुस्ती, खडकटाकळी
साक्षीदार दुसरी: प्रियदर्शनी गर्जे, अंगणवाडी मदतनीस, खडकटाकळी

ठिकाण: खडकटाकळी
तारीख: १५ एप्रिल २०२५, मंगळवार

सही: वच्छलाबाई राधाकिशन सानप

ताजा कलम. माझ्या सहीच्या वर चार बोटं जागा कोरी राहिली होती. तिथं मी आडव्या रेघा मारल्यात. गुरुवारी तेरा जणींकडून आधी हेच करून घेणार हाय.