चीनची रेष, भारताची रेष आणि ओमेश्वरीचा दिवाण

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. ओमेश्वरीचं लग्न २० एप्रिलला. आंदणाचा दिवाण मी स्वतः करणार. सागवानाचा. लेकीला तसा शब्द दिलाय. सडक अर्जुनीत फर्निचरचं दुकान असलेल्या बापाने विकतचा दिवाण द्यायचा म्हणजे शोभाच. वनविभागाच्या डेपोत १९ तारखेला लिलाव आहे. पण यंदा डोळे झाकून बोली लावायची नाही. आधी मार्केटचा अभ्यास.

५ फेब्रुवारी
भारत आणि चीनने वीस वर्षांत बाहेरच्या जंगलांतून किती कठीण लाकूड आणलं, त्याचे आकडे इंटरनेटवर मिळाले. दोन रेषांचा ग्राफ काढणार. जिल्ह्यात कोणी केलं नसेल. दुलारी म्हणे, चीनच्या लाकडाचं तुमाले काय करा लागते? बायकोला ग्लोबल मार्केट समजावणं सोडून दिलं.

९ फेब्रुवारी
आकडे सगळे घनमीटरात. घनमीटर डेपोतले साहेब बोलतात, दुकानात घनफूटच चालतं. म्हणून भारताचे घनफुटात करून घेतले. तेवढ्यात जेवायची हाक आली. चीनचे होते तसेच टाकले.

१० फेब्रुवारी, दुपारी
ग्राफ तयार. अंगावर काटा! भारताची रेष आभाळात, चीनची जमिनीला चिकटून. म्हणजे देश परदेशी लाकडाने गच्च भरलाय. मग आपलं सागवान घेणार कोण? भाव कोसळणार. ठरलं, या वेळी बोली नाही. मार्चच्या लिलावात मातीमोल घेऊ. सुतार संघटनेपुढे भाषण द्यावं का?

१९ फेब्रुवारी
डेपोत गेलो. हात खिशात. बाकीचे वेड्यासारखी बोली लावत होते. देवरीचा योगराज मिस्त्री म्हणे, तूच काऊन चूप बसून राहिला गा? मी नुसता हसलो.

८ मार्च
मार्चचा लिलाव नाही. माल संपला म्हणे. भावही चढला. मार्केटला ग्राफ समजायला वेळ लागतो.

१५ मार्च
ओमेश्वरीने ग्राफ पाहिला. म्हणे, बाबा, आपला देश घनफुटात अना चीन घनमीटरात काऊन? एका घनमीटरात पस्तीस घनफूट रायतेत. मी म्हणालो, आपल्या देशाला आपलं माप. ती खूप हसली. मग एकदम थांबून म्हणे, मंग माह्या दिवाणाचं काय? म्हणालो, भरपूर वेळ आहे.
ती गेल्यावर चीनचे घनफूट केले. रेष कागदाबाहेर गेली.

२ एप्रिल
ओळखीच्या व्यापाऱ्याकडून लाकूड मिळालं. थोडं ओलं आहे. आपल्याकडचं ऊन काय कमी आहे? आठ दिवसांत वाळेल.

११ एप्रिल
फळ्या पिळल्या. त्यावर झोपायचं तर माणसालाही तसंच वाकावं लागेल. ऊन जास्त झालं, माझी चूक नाही.

१८ एप्रिल
दुलारी न विचारता गोंदियाला गेली आणि दिवाण घेऊन आली. चकचकीत. दुकानदार म्हणे, मलेशिया की लकड़ी है, पूरा इम्पोर्टेड. मी दिवसभर त्या खोलीत गेलो नाही.

२१ एप्रिल
काल पाठवणी झाली. दिवाण गाडीत चढवताना व्याह्यांनी त्यावर हात फिरवला. म्हणे, काय हात हाय तुमचा, उदारामजी! मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओमेश्वरी म्हणाली, हो, बाबानंच बनवला, माह्यासाठी.
लेक माझ्यासाठी खोटं बोलली. जाता जाता. फार लाज वाटली, रडूही आलं. लोकांना वाटलं, पाठवणीचं आहे.
डोळे पुसतोय तोच व्याही म्हणाले, पुढच्या साली धाकट्याचं लगन हाय, डिट्टो असाच एक बनवून द्या.
मी हो म्हणालो.