वडिलांचा गोंधळ वाटणारा सर्व्हर

येरमाळा, मंगळवार, दिवेलागण

आप्पा गेल्यापासून आज पहिल्यांदा फायलींच्या देवाणघेवाणीचं टोरंट उघडलं. परदेशातला भाड्याचा सर्व्हर माझ्या फायली वाटतच होता. घेतलं तेवढं परत वाटलं न्हाय तर साइटवाले काढून टाकतात, म्हणून त्यावर आप्पांनी घरात म्हटलेला देवीचा गोंधळ रेकॉर्ड करून टाकला होता. त्यात मधेच कुकरची शिट्टी होते, आप्पा थांबतात, मग पुढची ओळ उचलतात.

आत्ताबी कुणीतरी ती फाईल उतरवून घेतंय. कोण असंल? शिट्टी ऐकून हसंल का? मला तर काहीच वाटंना.

आई म्हणली, “बाळा, त्यांचं गाणं लाव की जरा.”

“नेट न्हाय,” म्हणलो. खोटंच.

तिनं कुकर लावला. शिट्टी झाली. आम्ही दोघंबी थांबलो. पुढची ओळ आलीच न्हाय.