मधली गाऱ्हाणी

विन्सफर्ड फॉल्स, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, ८ जुलै १९१२

प्रिय बार्बोराताई,

तू बरी असशील. मी बरा आहे, खोकला गेला. येत्या रविवारी तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, ते जमणार नाही. राग मानू नकोस.

चार जुलैचा समारंभ झाला. दर वर्षी मैदानावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा मान रात्रशाळेतल्या एका परदेशी विद्यार्थ्याला देतात, तो यंदा माझा. शाळेच्या बाईंनी माझं नाव गिरणीतल्या संपाच्या आधीच दिलं होतं. आता काढलं तर वाईट दिसेल म्हणून राहिलं. समितीचे अध्यक्ष आमच्या गिरणीचेच मॅनेजर, थॅकरसाहेब. त्यांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, सुरुवात वाच, शेवट वाच, मधली इंग्लंडच्या राजाविरुद्धची गाऱ्हाणी सोड. लोकांना भूक लागलेली असते, सगळेच सोडतात.

ताई, मी तोच भाग सर्वांत जास्त घोटला होता. गाऱ्हाणी गाळली, तर स्वातंत्र्य मागितलं कशासाठी हे कळणार कसं? मी सगळं वाचलं.

आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मग राजाने वस्तीत फौज आणून ठेवल्याचं गाऱ्हाणं आलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. संपामुळे आणलेले शिपाई मैदानाच्या कडेलाच तंबू ठोकून बसले आहेत. गिरणीतला पेत्रासकाका मोठ्याने म्हणाला, "काझिमिएरास, हा राजा अजून जिवंत आहे की रे." लोक हसले. पुढच्या प्रत्येक गाऱ्हाण्याला गिरणीवाले "इथेही, इथेही" म्हणू लागले. थॅकरसाहेबांनी बँड सुरू करायला लावला. मी ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो आणि बँड थांबल्यावर पुढे वाचलं.

शेवटची ओळ संपली आणि पोलिसांनी मला धरलं. हे लिहायचं टाळत होतो. मी कोठडीत आहे. मारलं नाही, जेवण देतात. आरोप म्हणे दंगलीला चिथावणी. हाच कागद यांच्या शाळेत भिंतीवर टांगलेला आहे. यांच्या पोरांनी पाठ म्हटला की टाळ्या, मी वाचला की बेड्या!

काल वकील आला होता. म्हणाला, "सोपं आहे रे. न्यायाधीशांना सांग, मी परका माणूस, अक्षरं वाचली, अर्थ कळला नाही. लगेच सोडतील."

मी विचारलं, सप्टेंबरात नागरिकत्वासाठी याच न्यायाधीशांपुढे उभा राहीन, तेव्हा काय सांगू?

"तेव्हा कळला म्हण."

"आणि आत्ताच कळला म्हणालो तर?"

"मग नागरिकत्व विसर."

हा कसला न्याय, ताई? त्यांना तो कागद न समजलेला अमेरिकन हवा आहे. आणि मला अमेरिकन व्हायचं आहे, फार व्हायचं आहे. तरी उद्या कोर्टात मी सांगणार आहे की शब्दन्शब्द कळला.

तू येऊ नकोस. तू समोर दिसलीस तर मी वकिलाचं ऐकेन.

तुझा भाऊ,
आता बहुधा कुठल्याच देशाचा न होणारा,
काझिमिएरास